शुद्धता कळली, पण मांडणी कोणती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी झालेल्या बाळांच्या उपचारांसाठी मदतीची आवाहने वृत्तपत्रांतून अधूनमधून येतात. त्या निमित्ताने डीएनएसारख्या कृत्रिम साखळ्यांपासून बनवलेल्या औषधांविषयीही लिहून येते. ते लिहायलाच हवे. मात्र त्यात एक गोष्ट हटकून सुटते. अक्षरे ठरलेल्या क्रमाने जोडली, नको ते काढून टाकले, की कुपीतला प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखाच असणार, असा वाचकाचा समज होतो. तो चुकीचा आहे. वाचकाचे त्यात काही बिघडत नाही. पण या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या आपल्याकडच्या प्रयोगशाळा आणि कंपन्या हाच समज बाळगून चालल्या तर त्यांना तो महागात पडेल.

याच आजारावरचे नुसिनर्सेन घ्या. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. १८ अक्षरांची साखळी, म्हणजे मधे १७ जोड. नैसर्गिक डीएनएत प्रत्येक जोडावर एक फॉस्फरस असतो आणि साखळीबाहेर लोंबणारे त्याचे दोन्ही ऑक्सिजन एकसारखे असतात. औषधात त्यांपैकी एकाच्या जागी सल्फर बसवतात. असा जोड म्हणजे फॉस्फोरोथायोएट. जर्मनीत फ्रिट्झ एकस्टाइन यांनी १९६० च्या दशकात हे रसायन रुजवले. सल्फरमुळे न्यूक्लिएझ विकरांना साखळी सहज तोडता येत नाही, शिवाय ती प्रथिनांना धरून राहते.

पण सल्फर येताच फॉस्फरसभोवतीचे चारही शेजारी वेगवेगळे होतात आणि तो फॉस्फरस कायरल होतो, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन मांडण्या संभवतात. सल्फर एका अंगाला असेल तर मांडणी आर-पी, दुसऱ्या अंगाला असेल तर एस-पी. (पुणेकरांनी एस-पी म्हणजे टिळक रस्त्यावरचे कॉलेज समजू नये.) जोड १७, प्रत्येकाला दोन शक्यता; एकूण १,३१,०७२ वेगवेगळे डायास्टेरिओमर, म्हणजे क्रम तोच पण मांडणी निराळी असे रेणू. १२ मिलिग्रॅमच्या एका डोसमध्ये हे सगळेच असतात, सरासरी प्रत्येकी काही लाख कोटी रेणू. रुग्णाच्या पालकांनी यात घाबरण्यासारखे काही नाही. चाचण्या याच मिश्रणावर झाल्या, गुण याच मिश्रणाने दाखवला आणि मान्यताही याच मिश्रणाला आहे.

औषधांच्या दुकानात एस-ॲम्लोडिपिन किंवा लेव्होसाल्बुटामॉल मिळते. तिथे दोनच रूपे होती, त्यातले हवे ते वेगळे काढता आले. अमेरिकी एफडीएचे अशा औषधांविषयीचे धोरण १९९२ चे आहे आणि त्यामागे अशीच एकदोन कायरल केंद्रांची छोटी औषधे डोळ्यांसमोर होती. सव्वा लाखांतून एक रूप मागाहून निवडायचे म्हटले तर मिश्रणे वेगळी करणारा कोणताही कॉलम ते करू शकत नाही. मांडणी ठरवायची ती जोड होतानाच, प्रत्येक जोडाच्या वेळी. आमचे म्हणणे एवढेच आहे. पुढचा सगळा तपशील त्याच्याच पोटातला.

साखळी जोडणाऱ्या यंत्रावरचे, म्हणजे सिंथेसायझरवरचे, नेहमीचे चक्र आधी पाहू. सच्छिद्र काचेच्या कणांवर किंवा पॉलिस्टायरीनवर पहिले अक्षर बसवलेले असते. त्याच्या टोकाची ट्रिटिलची टोपी टोल्युइनमधल्या ३ टक्के डायक्लोरोॲसेटिक आम्लाने उतरवायची. सुटणारा नारिंगी रंग मोजला की मागचे कपलिंग, म्हणजे अक्षराची जोडणी, कसे झाले ते समजते. आम्ल जास्त वेळ ठेवले तर ए अक्षराचा बेस गळू लागतो, म्हणून इथे रेंगाळायचे नाही. मग कोरड्या ॲसिटोनायट्राइलमधले ०.१ मोलर ॲमिडाइट (पुढच्या अक्षराचे जोडायला तयार रूप) आणि त्याला चेतवणारा ॲक्टिव्हेटर एकत्र सोडायचे. साध्या डीएनए अक्षराला अर्धे मिनिट पुरते, साखरेवर जादा गट असलेल्या २'-एमओईसारख्या अंगाने जाड अक्षराला काही मिनिटे द्यावी लागतात. त्यावर सल्फर देणारे अभिकर्मक, म्हणजे डीडीटीटी, पीएडीएस किंवा ब्यूकेज अभिकर्मक. शेवटी ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि एन-मिथिलइमिडाझोल वापरून कॅपिंग, म्हणजे जोड न झालेली टोके बंद करणे. सल्फर आधी आणि कॅपिंग नंतर हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. कॅपिंगच्या द्रावणातून ऑक्सिजन वा ओलावा कच्च्या जोडापर्यंत पोचला तर सल्फरऐवजी ऑक्सिजन बसतो.

यात मांडणी बिघडते कुठे? बरेच जण सल्फरच्या पायरीकडे बोट दाखवतात. ती निर्दोष आहे. फॉस्फरसवर मोकळे इलेक्ट्रॉन ज्या बाजूला असतात तिथेच सल्फर बसतो आणि आधीची मांडणी जशीच्या तशी राहते. गोंधळ त्याच्या आधी, कपलिंगच्या त्या अर्ध्या मिनिटात होतो. टेट्राझोल जातीचा ॲक्टिव्हेटर ॲमिडाइटच्या नायट्रोजनला प्रोटॉन देतो, तो अमाइन बाहेर पडतो आणि टेट्राझोल स्वतःच फॉस्फरसवर जाऊन बसतो. मग दुसरा टेट्राझोल पहिल्याला हुसकावतो, तिसरा दुसऱ्याला. दर हल्ल्याला फॉस्फरस उलटतो. साखळीवरचा हायड्रॉक्सिल पोचेपर्यंत मूळ मांडणीचा मागमूस उरलेला नसतो. म्हणून डायास्टेरिओमर वेगळे करून एकाच रूपाचे ॲमिडाइट बाटलीत भरले तरी टेट्राझोलसोबत हाती मिश्रणच येते.

हे मिश्रण अगदी ५०-५० असते असेही नाही. कोणता ॲक्टिव्हेटर, यावर आर-पी आणि एस-पी यांचे प्रमाण थोडे इकडे-तिकडे सरकते. ॲक्टिव्हेटर आणि पद्धत तीच ठेवली तर दर बॅचला मिश्रण जवळपास तेच येते. ही बाब पुढे औषधाच्या प्रतीविषयी लिहिताना लागेल.

मांडणी हातात ठेवायची पहिली भरीव वाट पोलंडमधल्या वूच शहरात वोयचेख स्टेक यांच्या गटाने दाखवली. त्यांचे मोनोमर, म्हणजे जोडायची सुटी अक्षरे, ऑक्साथायाफॉस्फोलेन जातीचे. दोन्ही रूपे आधी सिलिकाच्या कॉलमवर वेगळी करायची आणि मग डीबीयू या आम्लारीच्या साहाय्याने जोडायची. रसायन देखणे, पण मोनोमर वेगळे करण्याचा खटाटोप मोठा आणि लांब साखळीत उत्पन्न घसरणारे. शिवाय साखळीला खालच्या कणांशी (सपोर्टशी) बांधणारा नेहमीचा सक्सिनिल दुवा डीबीयूपुढे टिकत नाही. साखळी अर्धवट असतानाच सपोर्टवरून सुटू लागते. त्यासाठी सार्कोसिन घातलेला दुवा वापरावा लागला. आजही डीबीयू वापरणारी कोणतीही पद्धत हाती घेताना हा दुवा आधी तपासावा.

जपानमधल्या ताकेशी वाडा यांच्या गटाने २००८ मध्ये सपोर्टवर करून दाखवलेली पद्धत ॲमिडाइटच्या नेहमीच्या यंत्राला अधिक जवळची आहे. प्रोलीनपासून बनवलेला अमिनो अल्कोहोल फॉस्फरसला दोन्ही हातांनी धरतो आणि ऑक्साझाफॉस्फोलिडिनचे कडे तयार होते. एल-प्रोलीनपासूनचा सहाय्यक गट एका मांडणीकडे नेतो, डी-प्रोलीनपासूनचा दुसरीकडे. म्हणजे १७ जोडांपैकी कोणता आर-पी आणि कोणता एस-पी, हे प्रत्येक अक्षराची बाटली निवडतानाच ठरते. चार अक्षरांना चार नव्हे, आठ बाटल्या लागतात.

या पद्धतीत ॲक्टिव्हेटर निराळा असतो आणि सगळी मेख तिथेच आहे. एन-सायनोमिथिलपायरोलिडिनियम ट्रायफ्लेट, थोडक्यात सीएमपीटी, प्रोटॉन देतो पण स्वतः फॉस्फरसवर हल्ला करत नाही. त्यामुळे उलटापालट होत नाही. क्रमही बदलतो. जोड झाल्यावर सहाय्यक गटावरचा अमाइन मोकळा होतो. तो तसाच ठेवला तर पुढे उपद्रव करतो. म्हणून इथे आधी ट्रायफ्लुओरोॲसेटिलइमिडाझोलने तो झाकायचा आणि मग सल्फर द्यायचा. नेहमीच्या चक्राची सवय झालेला माणूस यंत्रात जुनाच प्रोग्रॅम चालवतो आणि मग उत्पन्न का पडले ते शोधत बसतो.

ती चूक निदान दिसते तरी. न दिसणारी चूक अशी: यंत्राच्या ॲक्टिव्हेटरच्या जागी सीएमपीटीऐवजी सवयीने ईटीटी या टेट्राझोल जातीच्या ॲक्टिव्हेटरची बाटली लागली. कपलिंग होऊन जाते. ट्रिटिलचा रंग गर्द येतो. मास स्पेक्ट्रममध्ये वस्तुमान अचूक, कारण सर्व डायास्टेरिओमरांचे वस्तुमान एकच. क्रम बरोबर, लांबी बरोबर, शुद्धतेचा आकडा छान, आणि मांडणी मात्र हातची गेलेली. महागडे मोनोमर वापरून मिश्रणच बनवले, हे कोणताही नेहमीचा अहवाल सांगणार नाही. आमचा साधा आग्रह असा की या कामासाठी यंत्राची एक वेगळी नळी राखून ठेवावी आणि तिला टेट्राझोल कधीच लावू नये. धुऊन वापरू, असे म्हणू नये.

तिसरी वाट २०१८ ची. अमेरिकेत स्क्रिप्स संस्थेतील फिल बॅरन यांच्या गटाने एका औषध कंपनीच्या रसायनज्ञांसोबत पीएसआय नावाची अभिकर्मके आणली. इथे फॉस्फरस सुरुवातीपासूनच पंचसंयुजी असतो आणि सल्फर आधीच बसलेला असतो, त्यामुळे सल्फर देण्याची वेगळी पायरीच नाही. मांडणी ठरवणारा सांगाडा लिमोनीनपासून येतो. संत्र्याच्या सालीत त्याचे एक रूप भरपूर असते; नागपूरकडे टाकून दिल्या जाणाऱ्या सालींकडे रसायनज्ञाने जरा आदराने पाहावे. जोडणी पुन्हा डीबीयूनेच होते, म्हणजे दुव्याची काळजी इथेही आलीच.

आता आकडेमोड, कारण अंदाज सर्वात जास्त तिथे चुकतात. प्रत्येक जोडावर मांडणी ९९ टक्के बरोबर साधली, तर १७ जोडांनंतर सर्व जोड बरोबर असलेले रेणू ८४ टक्के. जोडामागे ९८ टक्के असेल तर ७१. आणि ९५ टक्के, जो आकडा एखाद्या शोधनिबंधात वाचायला बरा वाटतो, तो १७ जोडांनंतर ४२ टक्क्यांवर येतो. सल्फरचेही हेच गणित. दर जोडाला १ टक्का ठिकाणी ऑक्सिजन बसला, तर सुमारे १६ टक्के रेणूंत निदान एक जोड साधा फॉस्फेट असतो. ही चूक मात्र दिसते: वस्तुमान १६ ने कमी भरते आणि फॉस्फरसच्या एनएमआरमध्ये (प्रत्येक प्रकारचा फॉस्फरस वेगळ्या आकड्यावर दाखवणाऱ्या चाचणीत) ५५-५७ पीपीएमच्या फॉस्फोरोथायोएटशिवाय शून्याच्या आसपास आणखी एक शिखर उगवते.

ओलाव्याविषयी पुण्यातल्या मंडळींना वेगळे सांगायला नको, तरी जून ते सप्टेंबरमध्ये तक्रारी वाढतात त्या यामुळेच. ॲसिटोनायट्राइलमध्ये पाणी ३० पीपीएमच्या खाली हवे. पाणी मोजणाऱ्या कार्ल फिशर यंत्रावर मोजावे, लेबलावर विसंबू नये. पाणी शोषणाऱ्या ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्ज तापवून, कोरड्या वायूत थंड करून वापराव्यात. फ्रीजमधून काढलेली ॲमिडाइटची बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड काचेवर हवेतले पाणी जमते आणि थेट आत जाते. शंका आली तर एनएमआर घ्यावा: नेहमीचे ॲमिडाइट १४८-१५० पीपीएमला दिसते, पाण्याने फुटलेले १४ च्या आसपास. कायरल मोनोमर महाग असतात आणि जोडायला जास्त वेळ घेतात, म्हणून पाण्याला शिरकाव करायला सवडही जास्त मिळते.

शेवटच्या पायऱ्या भराभर सांगतो. सायनोएथिल गट असलेल्या नेहमीच्या साखळ्यांना अमोनियात घालण्याआधी ॲसिटोनायट्राइलमधले २० टक्के डायएथिलअमाइन दहा मिनिटे द्यावे. नाहीतर सुटलेले ॲक्रिलोनायट्राइल टी अक्षरांना चिकटते आणि वस्तुमान ५३ ने वाढते. पुढे अमोनिया, ५५ अंश, रात्रभर. एकदा बसलेली फॉस्फरसची मांडणी यात बदलत नाही. अमोनियात मांडणी बिघडली, हे कारण कोणी सांगितले तर मान्य करू नये.

तपासणीत आणखी एक गैरसमज आढळतो. एकच फॉस्फोरोथायोएट जोड असेल तर सी-१८ कॉलमवर दोन रूपे बहुधा वेगळी दिसतात, आर-पी आधी आणि एस-पी नंतर. दोन-तीन जोडांपर्यंत शिखरांची गर्दी ओळखू येते. त्यापुढे सगळे मिळून एक पसरट उंचवटा होतो. त्याला अशुद्ध समजून चांगली बॅच टाकून देणे हा तोटा, आणि उंचवटा दिसला नाही म्हणून मांडणी साधली असे मानणे हा त्याहून मोठा. कोणता जोड कसा आहे हे विकरांकडून विचारता येते. सापाच्या विषातले फॉस्फोडायस्टरेझ आर-पी जोड तोडते, एस-पीला जवळपास हात लावत नाही. न्यूक्लिएझ पी-१ नेमके उलट वागते.

ज्यांना फक्त आर-पी साखळी हवी आहे आणि साखरेवर काही बदल नको आहेत, त्यांनी रसायनाच्या वाटेला जाण्याआधी पॉलिमरेझ या डीएनए जोडणाऱ्या विकराचा विचार करावा. डीएनए पॉलिमरेझ एस-पी मांडणीचा थायोट्रायफॉस्फेट घेते, जोडताना फॉस्फरस उलटवते आणि आर-पी जोड देते. एस-पी साखळी अशी मिळत नाही. प्रायमरच्या (पीसीआरसारख्या प्रयोगांत लागणाऱ्या छोट्या साखळीच्या) टोकाला एकच फॉस्फोरोथायोएट मागवणाऱ्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे की निम्म्याच्या आसपास रेणूंत तो जोड कमी टिकाऊ रूपात असू शकतो. दोन-तीन जोड मागवण्याची प्रथा उगीच पडलेली नाही.

मग सर्व औषधे एकाच मांडणीची का बनवत नाहीत? एस-पी जोड न्यूक्लिएझपुढे टिकतो. आर-पी जोड लक्ष्य आरएनएला जरा घट्ट धरतो आणि ते आरएनए तोडणाऱ्या आरएनेझ-एच विकराला अधिक पसंत असतो. सरसकट एक निवडले की दुसरे गुण जातात. २०१७ मध्ये साखळीत एस-पी, एस-पी, आर-पी असा तीन जोडांचा आकृतिबंध ठेवल्यास परिणाम वाढतो असे प्रसिद्ध झाले; इतर गटांना तसा सार्वत्रिक फायदा दिसला नाही. डुशेन या स्नायूंच्या आजारासाठीचे सुवोदिर्सेन हे नियंत्रित मांडणीचे औषध २०१९ मध्ये थांबवले गेले, कारण स्नायूंत डिस्ट्रोफिन हे हवे असलेले प्रथिन वाढले नाही. आमच्या मते 'एकाच मांडणीचे' हे लेबल पाहून औषध आपोआप सरस मानू नये; कोणता जोड कोणत्या कामासाठी कसा ठेवला, हे विचारावे. कोलेस्टेरॉलवरच्या इनक्लिसिरानसारख्या औषधात असे जोड फक्त सहा आहेत, म्हणजे ६४ रूपे. तिथे एकेक रूप बनवून पाहणे निदान कल्पनेत तरी शक्य आहे.

या प्रश्नाला बगल देण्याची वाट पुण्यातच कित्येक वर्षे चाललेली आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि पुढे आयसरमध्ये प्रा. के. एन. गणेश यांच्या गटाने पेप्टाइड न्यूक्लिइक आम्लावर काम केले. त्या सांगाड्यात फॉस्फरसच नसतो. मूळ सांगाडा कायरल नाही, आणि त्यात कार्बनवर हवी तेवढीच कायरलता मुद्दाम घालता येते. हा वारसा असताना इथल्या वर्गांत कायरलता शिकवताना सहसा कार्बनपाशीच थांबतात, हे खटकते.

आता औषधाच्या प्रतीविषयी. महागड्या फॉस्फोरोथायोएट औषधांच्या स्वस्त आवृत्त्या भारतात बनाव्यात, यात दुमत नाही. पण 'तेच औषध' याचा अर्थ इथे तेच मिश्रण असा होतो. मूळ उत्पादकाचा ॲक्टिव्हेटर एक आणि आपला दुसरा असेल तर क्रम, लांबी, शुद्धता सारे जुळूनही डायास्टेरिओमरांचे प्रमाण वेगळे असू शकते. केंद्रीय औषध नियंत्रकांनी अशा अर्जात ॲक्टिव्हेटरचे नाव, तीव्रता आणि कपलिंगचा वेळ मागावा. विकराने केलेल्या पचनाची मूळ औषधाशी शेजारी शेजारी तुलनाही मागावी. उत्पादकाने विकासाच्या पहिल्या टप्प्यात ॲक्टिव्हेटर पक्का करावा; दर किलोमागे चार पैसे वाचतात म्हणून मधेच बदलू नये.

ज्या महाविद्यालयांत सिंथेसायझर आहे आणि हे काम सुरू करायची इच्छा आहे, त्यांनी १८ अक्षरांपासून सुरुवात करू नये. दोन टी अक्षरे आणि मधे एक जोड, एवढेच बनवावे. टीच्या बेसला संरक्षक गट लागत नाही, त्यामुळे एक कटकट कमी. १ मायक्रोमोलच्या तीन छोट्या बॅच कराव्यात: एक नेहमीच्या ॲमिडाइटने, एक एल-प्रोलीनच्या मोनोमरने, एक डी-प्रोलीनच्या. तिन्ही सी-१८ वर ट्रायएथिलअमोनियम ॲसिटेटच्या ०.१ मोलर बफरमध्ये, ॲसिटोनायट्राइल हळूहळू वाढवत चालवावीत. पहिलीत दोन शिखरे, उरलेल्या दोघींत एकेक आणि तीही वेगवेगळ्या वेळी दिसायला हवीत. मग प्रत्येकीचा थोडा भाग सापाच्या फॉस्फोडायस्टरेझसोबत आणि थोडा पी-१ सोबत ठेवून काय तुटले ते पाहावे. दुसऱ्या-तिसऱ्या बॅचमध्ये नको असलेल्या रूपाचे शिखर १ टक्क्याच्या वर आले, तर ॲक्टिव्हेटर, पाणी आणि मोनोमरची शुद्धता याच क्रमाने तपासावे आणि ते खाली येईपर्यंत तिसरे अक्षर जोडू नये.

आपले,
न्यूक्लिइक आम्लांच्या रसायनात काम करणारे काही वाचक
पाषाण, पुणे